शेवटचा डबा

एका घराला एकच वायफाय पुरायचं ते दिवस सरले, त्यानंतरची ही गोष्ट. वैशाली धुरीने स्वस्तातला, एकमेकांना वायफाय पुढे देणाऱ्या तीन डब्यांचा मेश संच घेतला. घर लांबट होतं. थोरला डबा हॉलमध्ये बसला, मधला मुलांच्या खोलीत आणि धाकटा अगदी मागे, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासऱ्यांपाशी, नानांपाशी. थोरल्याकडून येणारं नेट मधल्याने घ्यायचं आणि धाकट्याला पुढे द्यायचं, असं ठरलं.

"आमच्या खोलीत झकास चालतंय," मुलं म्हणाली. मधल्याला ते फार गोड लागलं. हाती येईल ते सगळं तो तिथेच वाटू लागला.

"दादा, माझ्यापर्यंत काही येत नाही," धाकटा म्हणाला. "नानांची लेक मस्कतहून व्हिडिओ कॉल करते आणि तिचा चेहरा मध्येच थिजतो."

"मी तरी किती जणांना पुरणार?" मधला म्हणाला.

नाना त्या थिजलेल्या चेहऱ्याशीच थोडा वेळ बोलत राहायचे.

शेवटी वैशालीने धाकट्याचा प्लग काढला. "हाच डबा खराब निघाला. स्वस्तातलं असंच असतं," असं म्हणून तिने तो माळ्यावर टाकला. मधला मुलांच्या खोलीतच वाटत राहिला. नानांनी फोन उशीखाली सरकवला.

मग हॉलमध्ये मोठा टीव्ही आला.

"दादा, माझ्यापर्यंत काही येत नाही," मधला म्हणाला.

"मी तरी किती जणांना पुरणार?" थोरला म्हणाला.

मधल्याच्या मागे आता कुणीच नव्हतं; शेवटचा डबा आता तोच होता. मुलांची कुरकुर ऐकून वैशालीने मधल्याचाही प्लग काढला आणि माळ्यावर चढायला स्टूल घेऊन आली.