भेगेने गिळलेलं जोडवं

वैशाखात माती तपासायला आलेल्या निरगुडेसाहेबांनी आमच्या शेतात कमरेइतका खड्डा खणवला, तर तळाशी चांदीचं जोडवं निघालं.

"एवढ्या खाली दागिना? म्हणजे माती बाहेरून आणून टाकलेली," म्हणत साहेबांनी वहीत लिहिलं. "मूळची काळी नव्हे, भरावाची. भरावाच्या जमिनीला पाटाचं पाणी मिळणार नाही."

आमच्या ह्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "साहेब, जरा पेन देता?" आणि घेऊन ते शेजारच्या भेगेत सोडलं.

"अहो बाई!"

"आता खणा. कमरेइतकं खाली सापडलं, तर तेही भरावातून आलं म्हणाल? ही माती उन्हाळ्यात तोंड उघडून वरचं गिळते, पावसात फुगून तोंड मिटते."

साहेब ओशाळले. ह्यांचंच पेन मागून त्यांनी 'भरावाची' खोडलं, 'मूळची काळी' लिहिलं.

जोडवं माझंच. बारा वर्षांपूर्वी हरवलं, तेव्हा मी धाकट्या जावेवर, वेणूवर आळ घेतला. ती पुन्हा आमचा उंबरा चढली नाही. भेगा तेव्हाही होत्या, मला ठाऊकही होत्या.

येत्या शुक्रवारी सवाष्ण म्हणून तिलाच बोलवायला जाणार आहे. येईल ती. तोवर जोडवं देवापुढे ठेवलंय. पायात घालवत नाही.