नवशीचं पाणी

बेटावर दिवा नव्हता, होड्या चांदण्यांवर चालत, तेव्हाची ही गोष्ट.

बेटावर नवशी नावाची कोळीण होती. ती खडकांना चिकटलेली कालवं फोडून त्यांतलं मांस काढी. कालवाची कड सुरीसारखी. लहानपणापासून तिला एकच कोडं पडलेलं, कालवं कोणी काढलीच नाहीत, तर वाढतील तरी किती?

एका वर्षी खबर आली, पाऊस सरला की शत्रूचं आरमार बेटावर चालून येणार. किल्लेदाराने तट बांधायला घेतला. पण पुळणीच्या बाजूला रेतीत पायाच टिकेना.

नवशी म्हणाली, "सरकार, फुटके दगड तिथे पाण्यातच टाका. त्यांवर कालवं धरतील."

"आणि त्याने काय होईल?"

"मलाही ठाऊक नाही. पण बघू तरी."

दगड पडले. तिथलं कालव कोणी काढायचं नाही, असं ठरलं. बायका हसायच्या, "काय गो नवशी, दगडांना आंघोळ घालतेस?"

पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या, चुली थंडावल्या. भावजय मंजुळी रडत आली. "वन्सं, दोनच काढू दे गो. पोर उपाशी आहे."

"आज तू दोन काढशील, उद्या सगळं बेट येईल," नवशी म्हणाली आणि तिने आपल्या ताटातली भाकरी तिच्या पदरात घातली.

असं म्हणतात, त्या पावसात कालवं सुपाएवढी झाली. बेटाची होडी आली की ती मिटून बसत, परकी आली की उघडत.

आरमार आलं ते भरतीला. होड्या कालवांवर अडकल्या, तळ फाटले. ओहोटी लागली तशी शिपायांनी अनवाणीच उड्या टाकल्या. पुळणीपर्यंत एकही धड पोचला नाही. पाणी लाल झालं. त्यांनी हत्यारं टाकली.

बेटावर जयजयकार झाला. नवशी मात्र शिपायांच्या चिरलेल्या पायांकडे बघत राहिली. मग तिने हंडाभर पाणी तापवलं, त्यात हळद टाकली.

किल्लेदार ओरडला, "अगं, शत्रू आहेत ते!"

"मघाशी होते, सरकार. आता नुसते पाय आहेत."

असं म्हणतात, शेवटच्या शिपायाचे पाय धुऊन होईपर्यंत तिचा तो हंडा रिकामा झाला नाही.

आजही त्या बेटावर कोणीही उतरो, आधी त्याच्या पायांवर हळदीचं कोमट पाणी घालतात. नाव-गाव मागाहून विचारतात.