दुपारची पुडी

एकदा एका नगरीत भिवराबाई नावाच्या कोष्टिणीचा सत्कार व्हायचा होता. अकरा वर्षांपूर्वी तिचा मुलगा तिथल्या रुग्णशाळेत दगावला. "माझ्या लेकराला काय दिलं होतं?" एवढेच ती विचारत राहिली. उत्तर मिळाले नाही. मग ती इतर रुग्णांच्या नातलगांजवळ जाऊन बसू लागली, त्यांच्या वतीने विचारू लागली, थेट राजसभेपर्यंत गेली. अखेर नियम झाला : उपचारात चूक झाली, तर वैद्याने ती त्याच दिवशी, स्वमुखाने, रुग्णाच्या घरी सांगावी.

सभेत त्या रुग्णशाळेचे वृद्ध वैद्यराज शाल घेऊन उभे राहिले, तोच त्यांचा शिष्य गदाधर मागून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गुरुजी, बरण्यांची अदलाबदल झाली," तो कुजबुजला. "कुंभाराला खोकल्यासाठी दिलेल्या पुड्यांत सुंठ नाही, बचनागाचं विष आहे. पहिली पुडी दुपारी घ्यायची आहे. मी धावत जाऊन बदलून येतो. नवं औषध आलंय म्हणेन. कुणाला कळणारही नाही."

वैद्यराजांनी शाल खाली ठेवली. "भिवराबाई, आज तुमचा सत्कार माझ्या हातून होणार नाही," असे म्हणून ते गदाधरासह सभेतून चालते झाले.  भिवराबाईने गदाधराच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि तीही मागोमाग निघाली.

कुंभाराच्या घरी कुंभारीण पुडी मधात कालवायच्या बेतात होती. गदाधराने ती हिसकावूनच घेतली. त्याच्या जिवात जीव आला. 'नवं औषध' हे शब्द ओठांवर आले, तेवढ्यात गुरूंनी त्याचे मनगट धरले.

"आता खरं बोल."

गदाधर कुंभारणीकडे वळला. "ताई, माझ्या हातून चूक झाली. यात विष आहे."

"अगं बाई!" ती किंचाळली. "यातली एक पुडी मी शेजारच्या म्हातारीला दिली की हो! तीही खोकत होती!"

सारे धावले. म्हातारी ओकत होती, जीभ बधिर झाली होती, नाडी अडखळत होती. वैद्यराज तिच्या उशाशी बसले ते उठलेच नाहीत. दिवेलागणीला नाडी सावरली.

अंगणात आल्यावर वैद्यराज म्हणाले, "गदाधरा, गुपचूप आला असतास तर पुड्या मिळाल्या असत्या आणि म्हातारी गेली असती. आपली चूक कुठवर पोचली, हे आपल्याला पुरते ठाऊक नसते. ती ज्याच्या घरात शिरते, त्यालाच ठाऊक असते. आपण तोंड उघडले, तरच तोही उघडतो. हे ज्या बाईने आपल्याला शिकवले, तिला शाल देऊन मी तुला लपवू कसा?"

कुंभारीण दारातून गदाधराला अजून वाट्टेल ते बोलत होती. त्याने भिवराबाईकडे पाहिले.

"माझ्या दारी असं कुणी आलं असतं, तर मीही अशीच ओरडले असते," ती म्हणाली. "पण बाळा, त्यानंतर मला झोप लागली असती."

गदाधर कुंभारणीसमोर जाऊन उभा राहिला. तिचे बोलून संपेपर्यंत तो हलला नाही.