मावशीची दुपार

माणसाने आरसा घडवण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तेव्हा म्हशी तळ्याच्या पाण्यात आपलं रूप न्याहाळत. गोजरी नावाची तरुण म्हैस मात्र पाण्यात बघायचंच टाळायची. ऐन उमेदीत तिच्या पाठीला भेगा पडल्या होत्या. आणि म्हाताऱ्या भुंडीमावशीची कातडी पाहावी, तर कशी तुकतुकीत!

एका दुपारी गोजरीने मावशीला चिखलात लोळताना पाहिलं. "अस्सं आहे होय!" म्हणत दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चिखलात जाऊन बसली. कळप चरायला गेला, पाण्यावर गेला, ही जागची हलली नाही. आठ दिवसांत बरगड्या दिसू लागल्या आणि भेगा आणखी वाढल्या.

"मावशी, चांगला चिखल तू लपवून ठेवलास!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मावशीने तिची मान चाटली. "अगं वेडाबाई, चिखलाने ऊन अडतं, गोमाश्या अडतात. पण तकाकी आतून येते. मी सकाळभर हिरवा चारा खाते, पोटभर पाणी पिते, मग चिखलात टेकते. तू फक्त माझी दुपार पाहिलीस."

तेव्हापासून गोजरी मावशीच्या मागोमाग चरली, प्यायली आणि मगच लोळली. काही महिन्यांनी ती अशीच चिखलात पहुडली असताना एक रेडकू काठावर येऊन तिच्या चकचकीत पाठीकडे बघत राहिलं.

"ताई, कुठला गं हा चिखल?"

गोजरी हसली. "उद्या सकाळी ये, सांगते. आणि येताना भूक घेऊन ये."