छपरांवरच्या डहाळ्या

पूर्वी सुवर्णवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व पिंपळीच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमदत्त. दम्याला पिंपळी आणि मध द्यायचा तो काळ; आणि सोमदत्ताइतकी चोख पिंपळी नगरात दुसऱ्या कुणाकडे नसे.

एका हिवाळ्यात दुकानापुढे रीघ लागली. आरोग्यशाळेत खाट मिळेना. श्वास चोरणारी यक्षिणी आली आहे, असे लोक म्हणत आणि तिला हाकलायला दारे लावून घरात मोहरीची धुरी करीत.

कुंभारवाड्यातली सुमना पुन्हा पिंपळी न्यायला आली.

"पोरीला उतार नाही का, बाई?"

"आरोग्यशाळेत नेली की बरी होते, शेटजी. घरी आणली की पुन्हा धाप. वैद्य म्हणतात, आणखी एक झटका ती सोसायची नाही. तुमचं बरं आहे, यक्षिणी तुमचंच दुकान चालवते!"

सोमदत्त हसला खरा, पण बोलणे मनात रुतले. गिऱ्हाईक कुठून येते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि हे सगळे गिऱ्हाईक एकाच बाजूचे, गरिबांच्या कुंभारवाड्याकडचे होते. यक्षिणीला श्रीमंतांचे श्वास गोड लागत नाहीत की काय?

नगराची रीत अशी, की माणूस आरोग्यशाळेत गेला की तो पुरता बरा होईपर्यंत घराच्या छपरावर कडुनिंबाची डहाळी खोचायची. कुठल्या छपरांवर डहाळ्या आहेत ते वरून पाहायला सोमदत्त पहाटे टेकडीवर चढला. उजाडले आणि तो जागीच थबकला. राजवाड्याच्या सफेदीसाठी पेटलेल्या चुनाभट्ट्यांचा धूर वर जातच नव्हता. पांढऱ्या नदीसारखा तो उतारावरून संथ वाहत होता आणि कुंभारवाड्याच्या खोलगटात तळे होऊन थांबत होता. ऊन चढले, धूर विरला. आणि जिथवर तळे होते तिथवर, छपराछपरावर, हिरव्या डहाळ्या उमटल्या. जन्मभर ज्या गल्ल्यांतून फिरलो ते नगर आज प्रथमच दिसते आहे, असे त्याला वाटले. त्याचे हात आपोआप जुळले.

तो थेट सुमनाच्या घरी गेला. आत धुरी कोंडलेली, पोर भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"खिडकी का नाही ठेवली?"

"राजमार्गाकडे खिडकी ठेवायची नाही, अशी आज्ञा आहे. राजाच्या मिरवणुकीला आमची तोंडं दिसायला नकोत."

सोमदत्ताने आधी धुरी विझवली, मग दार सताड उघडले. वखारीत पिंपळीची थप्पी लागली होती. नुसता गप्प बसला असता तरी तिचे सोने झाले असते. तरी तो राजाकडे गेला आणि त्याने भट्ट्या विझवायची विनंती केली.

राजा चिडला. "भट्ट्या विझवल्या तर उत्सवाला वाडा काळाच ठेवू?"

"महाराज, एकदा टेकडीवर चला. मग म्हणाल तसं."

दुसऱ्या पहाटे राजाने ते धुराचे तळे पाहिले, त्यातून वर येणाऱ्या डहाळ्या पाहिल्या. मग हळूच म्हणाला, "यक्षिणी माझ्याच घरची निघाली."

भट्ट्या नदीपार, वारा जिथून धूर नगराकडे आणत नाही अशा जागी गेल्या. कुंभारवाड्याच्या भिंतींना खिडक्या पडल्या. सुमनाने छपरावरची वाळलेली डहाळी उतरवली आणि दुकानावर येऊन विचारले, "आता एवढ्या पिंपळीचं काय करता, शेटजी?"

"लोणच्यात घालीन, बाई. तुम्हीही न्या!"

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सुमना म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. टेकडी चढणारा तो व्यापारी मीच होतो." दुःख कुठून येते ते उंचावरून पाहायचे आणि पाहिल्यावर खाली उतरून दार उघडायचे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता होय.