शेवूच्या दारची मूठ

डोंगराच्या कुशीत करवंदवाडी नावाचं एक गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, बांबूच्या बेटापाशी, शेवू नावाची सहा वर्षांची मुलगी राहायची. तिच्या परकराला दोन ठिगळं होती, एक निळं आणि एक पिवळं. पायात चप्पल नव्हती. पण डोळे असे टपोरे आणि काळेभोर, की पाहणाऱ्याला वाटावं, हिला नुकतीच कुणीतरी छान गोष्ट सांगितली आहे.

खरं तर तिला तशी गोष्ट सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मागच्या थंडीत तिचे बाबा तापानं गेले. आई दिवसभर बांबूच्या टोपल्या विणायची, विणता विणता गप्प व्हायची आणि गप्पच राहायची. धाकटा दामू तीन वर्षांचा. बाबा गेल्यापासून तो घरात एकदाही हसला नव्हता. भिंतीला टेकून अंगठा चोखत बसायचा. तो हसायचा फक्त एकाच जागी, गावच्या बालवाडीत.

बालवाडी म्हणजे एकच खोली आणि मागे हातभर बाग. पण त्या खोलीत चिंध्यांचे लाल-हिरवे चेंडू होते, खडूनं काढलेले मोर होते, आणि यमूताई होत्या. यमूताई मुलांना गोल करून बसवत, गाणी म्हणवून घेत आणि दुपारी गरम गरम पेज वाढत. दामू तिथं टाळ्या वाजवायचा. त्याचं ते खुदखुदणं ऐकलं की शेवूचा जीव भांड्यात पडायचा.

आणि एके दिवशी सोसाट्याचा वारा सुटला. त्यानं बालवाडीची कौलं पत्त्यांसारखी उडवली. खडूच्या मोरांवर धूळ बसली. मुलं झाडाखाली बसू लागली. यमूताई हसून म्हणाल्या, "आज आपली शाळा पानांची!" पण त्या हळूच वर बघत होत्या, आणि शेवूनं ते पाहिलं.

करवंदवाडीत एक जुना रिवाज होता. रोज सकाळी बालवाडीची मुलं परडी घेऊन रांगेनं गावातून निघायची. प्रत्येक दारापुढं थांबून सगळी एका सुरात हाक द्यायची, "मूठ वाढा, माय!" मग घरची बाई बाहेर येऊन मूठभर तांदूळ परडीत टाकायची. त्या तांदळांची पेज व्हायची. मूठ मागायला आल्यावरच द्यायची, न मागता नेऊन द्यायची नाही. नेऊन दिली तर मिरवल्यासारखं होतं, असं गावात मानत.

आता सगळ्यांनी मिळून ठरवलं, की रोज आणखी एक मूठ मागायची आणि ती कणगीत साठवायची. कणगी म्हणजे धान्य ठेवायची बांबूची उंच टोपली. ती काठोकाठ भरली की त्या तांदळांचे घावन, लाडू, तळलेली गोड बोरं करायची, देवीच्या जत्रेत बालवाडीचं दुकान मांडायचं आणि त्यातून नवी कौलं आणायची. पावसाआधी कौलं चढली नाहीत तर मातीच्या भिंती विरघळतील आणि बालवाडी कायमची बंद होईल, हे लहानग्यांनासुद्धा कळत होतं.

पण गावानं एक चूक केली होती. वाईट मनानं नव्हे, चांगल्या मनानं केली होती, म्हणून ती कुणाला दिसतच नव्हती.

शेवूचे बाबा गेले त्या आठवड्यात सुंदराकाकू म्हणाल्या होत्या, "त्या घरी मूठ मागू नका गं. बिचारीवर कशाला ओझं?" सुंदराकाकू रोज मुलांच्या रांगेबरोबर चालायच्या. मनानं लोण्याहून मऊ. सगळ्या बायकांनी मान डोलावली. तेव्हापासून रांग शेवूच्या दाराशी आली की काकू म्हणत, "चला, चला, पुढं चला!" हाक बंद झाली. हळूहळू सणावाराचं बोलावणं बंद झालं, आणि जत्रेच्या स्वयंपाकाला कोण कोण यायचं हे ठरलं तेव्हा आईचं नावही कुणी घेतलं नाही.

शेवू त्याच रांगेत असायची. दामूचा हात धरून तिला रोज आपल्याच दारावरून मुकाट्यानं पुढं जावं लागायचं. आणि दार किलकिलं असायचं. त्या फटीतून शेवूला आई दिसायची. हातात तांदळाची मूठ घट्ट धरून दाराआड उभी. रांग पुढं गेली की आई माघारी वळायची आणि मूठ परत मडक्यात सोडायची. रोज.

इकडं कणगी काही भरेना. काठाला वीतभर कमी उरायची, ती उरायचीच. आज वाटावं भरली, उद्या बघावं तर पुन्हा वीतभर रिकामी! उंदीर म्हणावेत तर एक दाणा सांडलेला नाही. मग माणसं एकमेकांकडं बघू लागली. "कुणीतरी हात आखडता घेतंय," एक म्हणाली. "तुमचीच मूठ लहान," दुसरी म्हणाली. विहिरीवर बायका पाठ फिरवून पाणी भरू लागल्या. जत्रा तर तोंडावर आली होती.

संध्याकाळी मुलं घरी गेली की शेवू ओढ्यावरून लोटा भरून आणायची आणि बालवाडीमागच्या बागेला पाणी घालायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण प्रत्येक मुलानं तिथं एकेक रोप लावलं होतं, आणि छप्पर नाही म्हणून रोपांनी का तहानलेलं राहायचं?

त्या संध्याकाळी आकाश केशरी झालं होतं. शेवूनं गुलबक्षीच्या मुळाशी पाणी ओतलं. एक जांभळी कळी थरथरली, अलगद उमलली, आणि तिच्यातून चांदीच्या भुरभुरीसारखा उजेड बाहेर आला. त्या उजेडात करंगळीएवढी, इवलीशी परी उभी होती! तिचे पंख फिके गुलाबी, पायांत मोहरीएवढे पैंजण, आणि झगा असा, की क्षणात सोनेरी, क्षणात मोरपंखी.

शेवूच्या हातातला लोटाच पडला.

"भिऊ नकोस, बाळ," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणांसारखाच बारीक होता. "रोज तू मला पाणी देतेस. आज मी तुला काहीतरी द्यायला आले आहे. एक इच्छा माग. पण एकच हं, आणि ती आपल्या तोंडानं, मोठ्यानं सांगायची."

शेवूनं विचारच केला नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "माझे बाबा परत आण."

परीचे पंख मिटले. ती हळूच म्हणाली, "तेवढं मला येत नाही गं. कुठल्याच परीला येत नाही. गेलेलं माणूस परत आणायचं नाही, हा आमचा पहिला नियम. ही इच्छा मी मोजत नाही. दुसरी माग."

शेवूनं परकराच्या निळ्या ठिगळानं डोळे पुसले. "मग शाळेवर कौलं घाल. नाहीतर कणगी तरी भर. शाळा बंद झाली तर आमचा दामू कुठं हसेल?"

"जे माणसांच्या हातांनी होतं, ते मी करायचं नाही," परी म्हणाली. "हा दुसरा नियम. पण कणगी का भरत नाही, ते सांगू? ती साऱ्या गावाची कणगी आहे. गावातल्या एका घराची मूठ तिच्यात अजून पडलेली नाही. ती पडेपर्यंत ती रिकामीच राहणार."

शेवूला लगेच कळलं, कुठलं घर. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं एकदम ओठांवर आलं.

"परी, आमच्या दाराशी कुणीतरी थांबावं! कुणीतरी आमच्या आईकडं मूठ मागावी! हीच माझी इच्छा."

परी तिच्याकडं बघतच राहिली. "आजवर मला सोनं मागणारे भेटले, खाऊ मागणारे भेटले," ती म्हणाली. "आपल्याकडं कुणीतरी मागावं, असं मागणारी तू पहिलीच." तिच्या डोळ्यांतून दोन चमचमते थेंब ओघळले आणि गुलबक्षीच्या पानावर लकाकत राहिले. "पण तिसरा नियमही ऐक. कुणाचं मन मी वळवत नाही. काकूंच्या तोंडून मी हाक काढू शकणार नाही. मी एवढंच करीन. उद्या सकाळी तुझं दार उजळीन. ते फक्त मुलांना दिसेल. हाक मात्र कुणाला तरी द्यावी लागेल."

"कोण देईल?"

परी नुसती शेवूकडं बघून हसली आणि कळीत शिरली.

सकाळ झाली. रांग निघाली. पुढं परडी, मागं काकू. एकेक दार करत रांग बांबूच्या बेटापाशी आली, आणि मुलांचे पाय जागच्या जागी थबकले. शेवूच्या घराचा उंबरठा सोन्यासारखा झळकत होता! चौकटीवर गुलाबी, निळे, पोपटी ठिपके नाचत होते, आणि वरच्या आडव्या लाकडावर इवलीशी परी पाय हलवत बसली होती.

"अगंबाई!" एक चिमुरडी कुजबुजली.

काकूंना काहीच दिसत नव्हतं. "थांबलात का रे? चला, चला, पुढं चला!" त्यांनी मायेनं शेवूच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढं ढकललं.

दार किलकिलं होतं. फटीत आई होती. मूठ मिटलेली होती.

शेवू घुटमळली. काकूंपुढं बोलायचं? आपल्याच दारात आपणच मागायचं? सगळे हसले तर? तिनं वर पाहिलं. परी पाय हलवायची थांबली होती. शेवूनं दामूचा हात घट्ट धरला, पाऊल मागं घेतलं, आणि उंबरठ्यासमोर उभी राहून ओरडली,

"मूठ वाढा, माय!"

आवाज फाटला, पण निघाला. मग मुलं एका सुरात ओरडली, "मूठ वाढा, माय! मूठ वाढा, माय!" आणि त्यांच्यात सर्वांत मोठा आवाज दामूचा होता.

दार उघडलं. आई बाहेर आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती. तिनं परडीवर हात धरला आणि मूठ उघडली. दाणे पडताना टपोऱ्या मोत्यांसारखे चमकले.

सुंदराकाकूंनी तोंडाला पदर लावला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं तेवढंच असेल म्हणून..."

"थोडं आहे, काकू," आई म्हणाली, "पण आहे. तुम्ही मागत नव्हता, तेव्हा वाटायचं, हे गेले आणि त्यांच्याबरोबर आम्हीही गावातून गेलो."

काकूंनी आईला जवळ घेतलं आणि लहान मुलीसारख्या हमसाहमशी रडल्या. "आमचं चुकलं गं. दया दाखवायच्या नादात तुला परकं केलं."

त्या दिवशी परडी कणगीत रिकामी केली तेव्हा तांदूळ वर आले, काठाला लागले आणि काठावरून खाली ओघळले. विहिरीवर एकमेकींकडं पाठ करणाऱ्या बायका खाली बसून हसत दाणे वेचू लागल्या. जत्रेच्या स्वयंपाकाला पहिलं बोलावणं आईला आलं. तिच्या हातचे घावन इतके जाळीदार आणि मऊ होते, की दुकानापुढची गर्दी हटेना, आणि काकू सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या वहिनींचे आहेत हो!" पावसाआधी बालवाडीवर लाल लाल कौलं चढली. गावातल्या बायकांनी आईला टोपल्यांची इतकी कामं दिली, की शेवूला नवा परकर आला आणि मडक्याच्या तळाचे दाणे खरवडण्याची वेळ पुन्हा आली नाही.

कौलं चढली त्या संध्याकाळी शेवू बागेत गेली. परी गुलबक्षीवर वाटच बघत होती.

"जातेस?" शेवूनं विचारलं. तिला ते न सांगता कळलं होतं.

"जायला हवं. डोंगरापलीकडं एक घर आहे. त्या दारावरूनही सगळे रोज पुढं जातात. तिथं एक मुलगा आहे, अगदी तुझ्याएवढा."

शेवूला रडू आलं. जाऊ नकोस, असं म्हणावंसं वाटलं. पण तो मुलगा तिच्या डोळ्यांपुढं आला, दाराआड उभा असलेला, आणि तिनं हुंदका गिळला.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आवाज फाटला तरी चालतो."

परीनं तिच्या कपाळाला पंख टेकवला. मग ती भिरभिरत वर गेली. तिच्याभोवती सोनेरी, जांभळी, पांढरीशुभ्र किरणं फुटली, सारी बाग दिवसासारखी उजळली, रोपांचं पान न पान झळाळलं, आणि त्या लख्ख उजेडात परी विरघळून गेली. शेवूनं दिपून मिटलेले डोळे उघडले तेव्हा ओल्या मातीचा आणि गुलबक्षीचा वास तेवढा दरवळत होता. घराकडून हसण्याचा आवाज येत होता. ती धावत दाराशी आली. उंबरठ्यावर सुंदराकाकू बसल्या होत्या, आई त्यांना गरम गरम पेज वाढत होती, आणि काकूंच्या मांडीवर दामू खुदखुदत होता.