अनुसयेची गादी आणि केरबाची बैठक

पंचगंगेच्या काठच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हे गाव म्हणायचं, तेही त्याच्या तोंडावर. पाठीमागं वेगळा शब्द होता. तो केरबाला माहीत होता आणि पटतही होता. "देवानं डोकं ऐसपैस दिलंय," तो म्हणायचा, "पण आत ऱ्हायला अजून कोण आलं न्हाई."

त्याची बायको अनुसया अंगणवाडी सेविका. हुशार बाई. एवढी हुशार, की पोरांना चिंचा हव्यात म्हणून एक दिवस स्वतःच झाडावर चढली आणि फांदीसकट खाली आली. मणका मोडला. कमरेखालचं अंग गेलं. "गावात खुळा एकच हाय असं समजत हुते," दवाखान्यात पडल्यापडल्या ती म्हणाली, "निघालं दोन."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी केरबाला समोर बसवलं. "एका जागी बसून दुखायला लागलं की आपण हलतो. यांना दुखलेलं कळणार नाही. दाब एकाच जागी पडून राहिला की कातडी मरते, जखम होते, ती पार हाडापर्यंत जाते. कातडी शाबूत राहिली तर जूनमध्ये खुर्चीत बसून अंगणवाडीत जाऊ देईन. जखम झाली तर पुन्हा खाटेवर पालथं पडायचं. किती महिने, ते मलाही सांगता येणार नाही."

केरबा घाबरला. पोरांच्या गोंगाटाशिवाय अनुसया सुकून जाईल, एवढं त्याला डोकं नसतानाही कळत होतं.

"मग मी काय करू?"

"दर दोन तासांनी कूस बदलायची."

"बदलतो की."

घरी आल्यावर केरबानं अनुसयेच्या खाटेशेजारी घोंगडं अंथरलं आणि घड्याळ उशाला घेऊन आडवा झाला. दोन तास झाले की हा डावीकडून उजवीकडं. आणखी दोन तास झाले की उजवीकडून डावीकडं. दिवसभर मन लावून लोळला. अनुसयेला आधी वाटलं, दमला असेल बिचारा.

"अवो, सारखं लोळताय का?"

"कूस बदलतोय. बाईंनी सांगितलंय."

"माझी बदलायची, माझी! जे माणूस पडून हाय त्याला फिरवायचं!"

केरबानं कपाळावर हात मारला. "कळलं. आता चुकायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी अनुसयेचा मामा भेटायला आला. पोटभर जेवला आणि बाहेरच्या कट्ट्यावर आडवा होऊन घोरायला लागला. माणूस पडून होता. केरबानं घड्याळ बघितलं, वेळ भरताच मामाच्या खांद्याला आणि कमरेला धरलं आणि दवाखान्यात दाखवलं होतं तसं अलगद फिरवलं. फिरवणं बिनचूक होतं. कट्टा अरुंद होता. मामा थेट खुराड्यावर पडला. कोंबड्या एका दिशेला गेल्या, मामा दुसऱ्या दिशेला. कोंबड्या सांजच्याला परत आल्या.

"इचारल्याबिगर कुणाला हात लावतात का?" अनुसया करवादली. "आधी इचारायचं. हो म्हटलं तरच हात लावायचा."

"कळलं. आता चुकायचं न्हाई."

मग चाकाच्या खुर्चीवर ठेवायची फोमची जाड गादी आली. ती उन्हात ठेवली होती. शेजाऱ्यांची शेळी आली आणि गादी खायला लागली. केरबा धावत गेला, हात पुढं केला आणि आठवण होऊन थांबला.

"हात लावू का?" त्यानं विचारलं.

शेळी काही बोलली नाही. केरबानं पुन्हा विचारलं, या वेळी अदबीनं. शेळीनं मान हलवली, पण आडवी. आता नाही म्हटल्यावर काय करणार? केरबा बाजूला उभा राहिला. गादी अर्धी संपली, शेळीचं पोट भरलं, ती निघून गेली.

अनुसया खिडकीतून बघत होती. आधी तिला हसू आलं, मग रडू आलं. "ती गादी न्हवं, माझी अंगणवाडी खाल्ली तिनं."

दवाखान्यातल्या सिस्टरनी खुर्चीसाठी हवेची उशी दिली. बारक्या बारक्या रबरी फुग्यांची. त्यांनी केरबाला बजावलं, "हिच्यात हवा गच्च भरायची नाही. दाबलं की दबली पाहिजे. कडक लागली तर थोडी हवा सोडायची. कडक जागा म्हणजे जखम."

"कळलं. आता चुकायचं न्हाई."

तपासणीच्या दिवशी सलीमभाईंची रिक्षा दारात आली. अनुसयेला उचलून उशीवर बसवलं. केरबानं उशी दाबून बघितली. दबली. मग त्यानं रिक्षाचं टायर दाबून बघितलं. दगडासारखं कडक! याच्यावर बायको बसणार! सलीमभाई पाणी पिऊन येईपर्यंत त्यानं तिन्ही चाकांची हवा बोटानं दबेल एवढी सोडली.

रिक्षा जागची हलली नाही. तपासणी हुकली. अनुसया नुसती भिंतीकडं तोंड करून पडली. शिव्या दिल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं. "माझ्यापरीस त्या शेळीनं तुला सांभाळलं असतं," तो म्हणाला. अनुसयेला ते खोटं वाटलं नाही.

शेवटी दवाखान्यानं खाटेवर घालायची हवेची मोठी गादी वापरायला दिली. तिला विजेवरचा पंप. गादी लावायला आलेल्या माणसानं समजावलं, "ह्यात नळ्या आहेत. पंप एका नळीत हवा भरतो, दुसरीतली काढतो. एका जागचा दाब उचलायचा आणि दुसरीकडं न्यायचा, एवढंच हिचं काम. बंद पडली तर हा लाल दिवा लागतो."

कूस बदलायला अनुसयेची बहीण येऊन राहिली. अनुसयेनं नवऱ्यापुढं हात जोडले. "तुम्ही आता काय बी करू नका. पंपाजवळ बसा. लाल दिवा लागला की हाक मारा. जागचं हलू नका."

"कळलं."

केरबा लाकडी स्टुलावर बसला. सकाळी बसायचा तो झोपेपर्यंत. जेवण तिथंच, चहा तिथंच. अगदीच नाइलाज झाला तर पळत जायचा, पळत यायचा. मेव्हणीनं बुडाखाली घ्यायला मऊ बसकर आणून दिलं, तर म्हणाला, "हे कुणी सांगितलं न्हाई." थोड्या दिवसांनी त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं. पण मधूनच तो गालातल्या गालात हसायचाही.

"हसताय काय?" अनुसयेनं विचारलं.

"झ्याक चाललंय," केरबा म्हणाला.

जून उजाडायच्या आत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी अनुसयेची पाठ, माकडहाड, टाचा, सगळं नीट बघितलं. "कुठं डागसुद्धा नाही. जा खुशाल अंगणवाडीत!"

अनुसयेला हुंदका आवरला नाही. तिनं केरबाचा हात धरला. सांगितलेलं काम नवऱ्यानं पहिल्यांदाच नीट केलं होतं.

"केरबा, बसा की आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नगं. उभाच बरा हाय."

बाईंना शंका आली. त्या त्याला पडद्याआड घेऊन गेल्या आणि डोक्याला हात लावून बाहेर आल्या. "जखम आहे. यांना आहे. चांगली खोल आहे. अहो केरबा, तुमचं अंग शाबूत आहे. दुखलं नाही का?"

"दुखलं की! लई दुखलं."

"मग हलला का नाहीत?"

"हलतो कसा?" केरबा म्हणाला. "तो गादीवाला म्हणालाच हुता, हिच्याकडचा दाब उचलायचा आणि दुसरीकडं न्यायचा. शेजारी तर मीच बसलेलो. बूड दुखाया लागलं तवा कुठं जीव भांड्यात पडला. म्हटलं, आलं! मशीन चालू हाय."